गोंगाटातला होकार

माझ्या कानांना काही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. घरात बसून मी शेजारच्या परसातलं भांडण शब्दाशब्दाने ऐकायचे आणि चूक कोणाची तेही मनाशी ठरवून ठेवायचे. चौथीच्या वर्गाला शिकवताना मागच्या बाकावर कोणी पेन्सिल चावली तरी मला फळ्याकडे तोंड असताना कळायचं. पण त्रेपन्नावं लागलं आणि बाजारात, स्टँडवर, लग्नाच्या हॉलात, जिथे म्हणून चार माणसं आणि एक लाउडस्पीकर जमेल तिथे माझं ऐकणं साफ बंद पडायला लागलं. आवाज सगळे यायचे, नको इतके यायचे, फक्त त्यांतले शब्द काही हाती लागायचे नाहीत.

त्यात ऐंशी सालानंतर रत्नागिरीला आवाजाचं वेड लागलेलं. आधी गाव मुकं होतं असं नाही, पण जुने आवाज ओळखीचे होते. त्यांना आपण कधी यायचं आणि कधी थांबायचं ते कळायचं. आता ज्याच्या हातात चार पैसे आले त्याने पहिल्यांदा आवाज विकत घेतला. मे महिन्यात येणारे चाकरमानी पूर्वी बिस्किटं आणि चादरी आणायचे, ते टेपरेकॉर्डर आणायला लागले. रसवाल्याने मिक्सर घेतला. रिक्षा आल्या, त्यांतल्या एकीवर भोंगा बांधून सिनेमावाला गावभर ओरडत फिरायला लागला. ज्याला सिनेमा बघायचा नव्हता त्यालाही पूर्ण गोष्ट पाठ. तीस वर्षं मी पोरांना हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवलं होतं. गावाला तसं बसवता येत नाही, हे माझं खरं दुखणं होतं.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितली, कानामागे काहीतरी धातूचं टेकवलं आणि म्हणाले, कान उत्तम आहेत, वयोमानाप्रमाणे गर्दीत जरा शब्द निसटतात, गर्दी टाळा. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं, कारण बाहेर चाळीस पेशंट आणि त्यांची रडणारी पोरं होती आणि पहिल्या खेपेला मला एक अक्षर कळलं नव्हतं.

गर्दी टाळून जगायचं तर माणसाने मरायलाच हवं, आणि आमच्याकडे मयतालाही गर्दीच असते. म्हणून मी माझी युक्ती काढली. कळलं नाही की हो म्हणायचं. नाही म्हटलं की लोक कारण विचारतात आणि मग पुन्हा ऐकावं लागतं. हो म्हटलं की विषय संपतो. माझ्याकडे तीन-चार प्रकारचे हो होते. समोरचा हसत असेल तर हसरा, कपाळाला आठ्या असतील तर ‘हो ना, काय करणार’ असा सुस्कारा टाकून, आणि काहीच अंदाज येत नसेल तर डोळे मिटून मान हलवायची, तो सगळ्यांत विद्वान दिसायचा. बाजारात या होकारापायी मासेवालीने दोन वेळा सुरमईची डोकी काढून ठेवून घेतली आणि आमचं कालवण बिनडोक्याचं झालं. महिला मंडळाच्या बैठकीत, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि समोर शिट्टी मारणारा माईक असताना, मी विद्वान होकार दिला आणि संक्रांतीच्या नाटुकल्यात मिशी लावून सावकाराचं काम करणं माझ्या नशिबी आलं. केलंही. बक्षीस मिळालं. आपल्याला गर्दीत ऐकू येत नाही हे मात्र मी कोणाजवळ कबूल केलं नाही. बाईंना ऐकू येत नाही अशी बातमी शाळेत पोचली असती तर चौथीने माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्या.

आणि कबूल न करण्याचं दुसरं कारण घरातच बसलेलं होतं.

आमचे हे बोटीवर होते. बोटीवर म्हटलं की लोकांना कठड्याला टेकून समुद्र बघणारा माणूस दिसतो. ह्यांनी एकोणतीस वर्षं समुद्र क्वचितच बघितला असेल; हे बोटीच्या पोटात, इंजिनाशेजारी. वर्ष-सव्वा वर्षाने घरी यायचे, दोन-तीन महिने राहायचे आणि पुन्हा जायचे. आमच्या संसाराला एकतीस वर्षं झाली असं लोक म्हणायचे तेव्हा मला मनातल्या मनात हसू यायचं. सगळी सुट्टी जोडली असती तर आमचा संसार सहावी-सातवीत असता. शेवटी गुडघे बोलायला लागले तेव्हा हे कायमचे घरी आले, आणि आले ते कान बोटीवरच ठेवून.

मुलगा लोट्याला कंपनीत शिफ्टला, तिथेच खोली घेऊन राहिलेला. घरात आम्ही दोघंच. मी चुलीपाशी काही म्हणावं, ह्यांनी ओटीवर बसून ढिम्म राहावं. दुसऱ्यांदा म्हणावं, ढिम्म. तिसऱ्यांदा मी ओरडायचे तेव्हा ह्यांच्याआधी आळी ओ द्यायची. आमच्या आळीत एका घरात शिंकलं तर तिसऱ्या घरातून सत्य म्हणतात. तिथे नवऱ्याशी ओरडून बोलणं म्हणजे दवंडी पिटणं. म्हणून हळूहळू मी बोलणंच सोडलं. मनातल्या मनात ह्यांना बहिरोबा म्हणायचे, मग तोंडाने म्हणायला लागले, आणि ते ह्यांना ऐकू यायचं नाही म्हणून रोज म्हणायला लागले.

संताप व्हायचा तो बाहेर गेल्यावर. दळण घेऊन गिरणीत गेले की हे तासभर परत यायचे नाहीत. एकदा मी बघायला गेले तर पट्टा फडफडतोय, जातं गरगरतंय, पिठाचा धुरळा उडतोय आणि त्या कल्लोळात आमचे बहिरोबा गिरणीवाल्याशी आरामात गप्पा मारतायत. तो बोलतोय, हे हसतायत, हे बोलतायत, तो मान डोलावतोय. मला काही ऐकू येत नव्हतं आणि ह्यांना सगळं ऐकू येत होतं. घरात बहिरे आणि बाहेर शहाणे. मी पिठाचा डबा उचलला आणि एकटीच घरी आले.

म्हणजे आमचं असं होतं. जिथे मला ऐकू यायचं तिथे ह्यांना यायचं नाही, आणि जिथे ह्यांना यायचं तिथे मला नाही. जिथे दोघांनाही ऐकू येईल अशी जागा अख्ख्या रत्नागिरीत नव्हती.

तरी दर रविवारी हे मला स्टँडासमोरच्या हॉटेलात घेऊन जायचे. घरी आल्यापासूनचा ह्यांचा तेवढा एकच हट्ट. बसायचं तेही नेमकं मोरीजवळच्या टेबलावर. एका कानाशी पेले आपटून धुतले जायचे, दुसऱ्या कानाशी पोऱ्या ‘दोन मिसळ, एक भजी’ करून भटारखान्यावर ओरडायचा, गल्ल्यावर टेप, समोर मागे-मागे सरकणारी एस.टी. आणि तिचा पत्रा बडवणारा कंडक्टर. अशा ठिकाणी हे खुलायचे. घरी आठवड्यात चार वाक्यं बोलणारा माणूस तिथे अखंड बोलायचा. मी मिसळ खात समोर बघून हो म्हणायचे. हसरा हो, सुस्काऱ्याचा हो, विद्वान हो. जाऊ दे, म्हातारा खूश आहे ना, म्हणून मी स्वतःवरही खूश असायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे जरा जास्तच वेळ बोलले. मिसळीला हात लावला नाही. बोलता बोलता एकदा टेबलावरची चहाची ओली खूण बोटाने पुसत बसले, मग पुन्हा बोलले आणि मग थांबून माझ्याकडे बघत राहिले. विचारलंय काहीतरी, एवढं मला कळलं. मी म्हटलं, हो, चालेल की. वर हसलेही. ह्यांनी पोऱ्याला शिरा आणायला सांगितलं. ह्यांना गोड आवडत नाही, पण शिरा संपवला.

त्यानंतर आठवड्याभरात घरात हालचाल सुरू झाली. माळ्यावरची ट्रंक खाली आली, तिला उन्हं दाखवली गेली. हे फोटो स्टुडिओत जाऊन लहान लहान फोटो काढून आले. शिंप्याकडून दोन जाड शर्ट आले. मुंबईहून एक जाडजूड पाकीट आलं, ते ह्यांनी वाचून घडी घालून खिशात ठेवलं. मी सगळं बघत होते आणि विचारत नव्हते. हॉटेलात कशाला तरी हो म्हटलंय आणि ते हेच, एवढं न कळायला मी चौथीतली नव्हते. पण विचारणार काय? तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही असं? ज्याला दोन वर्षं बहिरोबा म्हटलं त्याच्यासमोर?

आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे सामान काढून बसलेल्या माणसाला कुठे निघालात असं आमच्याकडे विचारत नाहीत. निघालेल्याला टोकायचं नाही. लग्नानंतर दोन महिन्यांत हे पहिल्यांदा निघाले तेव्हा सासूबाईंनी मला दाराआड उभं करून शिकवलं होतं. हातावर दही घालायचं, ‘या’ म्हणायचं, उंबरा ओलांडायचा नाही, डोळ्यांत पाणी आणायचं नाही, कुठे, कधी, किती दिवस काही बोलायचं नाही. बोटीवरच्या माणसाच्या बायकोने जीभ हलवली की तिकडे बोट हलते, असं त्या म्हणायच्या. मी वर्गातल्या पोरांना हे असलं काही खरं नसतं म्हणून शिकवायचे आणि घरी येऊन दही घालायचे. वीस-बावीस वेळा घातलं. एकदाही जीभ हलवली नाही. या वेळीही हे दोन-चार दिवसांसाठी मुंबईला, पेन्शनीबिन्शनीच्या कामाला निघाले असतील, अशी मी माझी समजूत घातली. दोन-चार दिवसांना ट्रंक लागत नाही, हेही मला कळत होतं.

पावसहून माझी नणंद आली, ह्यांची धाकटी बहीण. येताना नारळ आणले, ते ठेवले, पाणी प्यायली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, “वयनी, तुझा काळीज मोठा हां. ह्या वयात दादाला परत बोटीवर धाडतेस.”

तेव्हा घरात आवाज असा काहीच नव्हता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. ती सांगत सुटली. मालवाहू बोट आहे, जुनी आहे, कंपनी छोटी आहे, त्यांना इंजिनातलं कळणारा माणूस हवाय, त्याचं वय विचारत नाहीत, दीड वर्षाचा करार. दादा सगळ्यांना सांगतोय की माझ्या बायकोनं एका शब्दानं अडवलान नाय, वर हसून हो म्हणाली. येत्या मंगळवारची गाडी.

दीड वर्ष. साठीला टेकलेला माणूस, गुडघे गेलेले, जुन्या बोटीच्या पोटात. आणि मी मिसळ खाताखाता हसून हो म्हटलं होतं.

नणंद गेल्यावर मी आधी ह्यांच्यावर चिडले, मग स्वतःवर, मग त्या हॉटेलवाल्याच्या टेपवर. चिडून झाल्यावर भीती वाटली. पैशाची गरज नव्हती; मुलगा मिळवता होता, माझा पगार होता. मग हे का निघाले? त्याचं उत्तर मला बाहेर शोधायला जायला नको होतं. दोन वर्षं हे ओटीवर बसून होते आणि ह्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. बोटीवर निदान कोणीतरी बोललं असतं. हे माझ्यामुळे झालं होतं, आणि आता अडवायचं तर मलाच अडवायला हवं होतं. पण घरात बोलायचं तर आळीला ऐकवून बोलावं लागणार. बाई नवऱ्याच्या गळ्यात पडून ओरडतायत, हे दुसऱ्या दिवशी शाळेत पोचलं असतं. पाटीवर लिहून दाखवावं असंही मनात आलं. पाटी घेतली, पेन्सिल घेतली, ‘जाऊ’ एवढं लिहिलं आणि पदराने पुसून टाकलं. अशी गोष्ट लिहायची तर शुद्धलेखन वाटते.

रविवार आला. हॉटेलात मोरीजवळच्या टेबलावर बसलो. मिसळ आली. त्या दिवशी टेप नेहमीपेक्षा मोठ्याने लावलेला होता, आणि स्टँडवर दोन गाड्या एकमेकींसमोर अडकून भोंगे वाजवत होत्या. मी चमचा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. मला या जागेत काही ऐकू येत नाही. कधीच येत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकू आलं नाही.

हे माझ्याकडे बघत होते, थेट तोंडाकडे, डोळ्यांकडे नाही. मग ह्यांनी पहिलीतल्या पोराला बाराखडी शिकवावी तसं एकेक अक्षर तोंड उघडून, सावकाश म्हटलं, “ठाऊक हाय मला.”

मला ते कळलं. ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं.

मग विचारलंत कशाला, असं मी म्हटलं असावं. माझा स्वतःचा आवाजही मला नीट येत नव्हता.

“हितं तू कायम हो म्हणतेस,” हे म्हणाले.

मी आजवर पुष्कळ पोरांच्या लबाड्या पकडल्या आहेत, पण एवढी सरळ तोंडावर कबूल केलेली लबाडी पाहिली नव्हती. ह्यांना माझा होकार हवा होता, आणि तो खरा मिळणार नाही म्हणून खोटा मिळेल अशा ठिकाणी नेऊन घेतला होता. राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या आत काहीतरी दुसरं होतं, कारण खोटा हो देताना मी तरी कुठली सती-सावित्री होते?

मग मी ह्यांना, हातवारे करून, विचारलं की तुम्हाला इथे कसं काय सगळं कळतं. हे हसले आणि सावकाश सांगायला लागले. काही दिसलं, काही निसटलं, निसटलेलं पुन्हा म्हणायला लावलं. इंजिनरूममध्ये कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथे माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. गिरणीवाला तसंच बोलतो, समोर उभा राहून. हॉटेलात मी समोर बसते. घरी मी चुलीकडे तोंड करून बोलते, नाहीतर परसाकडे, नाहीतर चालता चालता. ह्यांना माझी पाठ दिसते. पाठ काय बोलते ते कळत नाही, असं हे म्हणाले.

खरंच होतं. माझ्या पिढीत नवऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलायची पद्धतच नव्हती. सासू-सासऱ्यांसमोर तर नाहीच, आणि ती दोघं गेल्यावरही मान तशीच वळलेली राहिली. वर्गातल्या चाळीस पोरांच्या डोळ्यांत डोळे घालून मी त्यांची चड्डी ओली करायचे आणि घरी येऊन भिंतीशी बोलायचे. एकतीस वर्षांत ह्यांच्या तोंडाकडे मी एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. वरच्या ओठावर उजवीकडे एक जुना व्रण होता. तो कशाचा हे मला माहीत नव्हतं.

मंगळवार परवावर आला होता. बोलायचं ते आताच बोलायला हवं होतं, आणि निघालेल्या माणसाला ते बोलायचं नसतं. माझी सासू जाऊन बारा वर्षं झाली, पण ती अजून माझ्या जिभेवर पाय देऊन उभी होती. मग मी एक पळवाट काढली. तोंडाने आवाज न काढता, फक्त ओठ हलवून म्हटलं, जाऊ नका.

आवाज केलाच नाही तर टोकलं असं कसं म्हणणार? म्हातारीला काय सांगायचं ते मी वर गेल्यावर सांगितलं असतं.

ह्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग ह्यांनी उजवा हात कानामागे धरला, पुढे वाकले आणि म्हणाले, “काय?”

मी पुन्हा ओठ हलवले. पुन्हा कानामागे हात. पुन्हा काय. पोऱ्या चहा ठेवून गेला. त्या क्षणी मला या माणसाच्या बहिरेपणाचा असा संताप आला की मी उठून उभी राहिले आणि चौथीच्या वर्गाला गप्प करायच्या आवाजात म्हटलं, “जाऊ नका.”

हॉटेल गप्प झालं. टेप चालूच होता, गाड्यांचे भोंगे चालू होते, पण माणसं गप्प झाली. पेले धुणाऱ्याचे हात थांबले. गल्ल्यावरचा मालक उठून बघायला लागला. कोपऱ्यातल्या टेबलावर माझ्याच शाळेतल्या दोन पोरांचे बाप बसलेले होते. त्यांच्याकडे मी मुद्दाम बघितलं आणि मग खाली बसले.

ह्यांनी माझ्यापुढचा चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी माझ्याकडे सरकवली. मग मला नीट दिसेल असं तोंड समोर करून म्हणाले, “पयल्यांदाच कळला होता.”

मग दोनदा, तीनदा कशाला म्हणायला लावलंत, असं मी विचारलं.

“एकतीस वर्षांत एकदापण म्हणाली नव्हतीस,” हे म्हणाले.